सोमवारची साखर

सोलापूर, शुक्रवार पेठ
मंगळवार, ता. २० नोव्हेंबर १९३४

चि. सौ. दुर्गा हीस आशीर्वाद. आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिला असं समज. मनात काय आहे ते पुढं वाच.

तुला तुझ्या भावाबरोबर, मुकुंदाबरोबर, अक्कलकोटच्या गाडीत बसवून आज पंधरा दिवस झाले. पंधरा दिवसांत तुझी एक ओळ नाही. आठ वर्षं मी कोर्टात लोकांच्या जबान्यांच्या नकला करतो आहे. ज्याच्यावर खोटा आळ येतो तो आधी आरडाओरडा करतो, आणि ज्यानं केलेलं असतं तो मूग गिळून बसतो, हे मला कुणी शिकवायला नको. तू गप्प आहेस.

ऐन दिवाळीच्या तोंडावर बायकोला माहेरी पाठवलं म्हणून पेठेत चर्चा आहे. असू दे. त्या सोमवारी स्वयंपाकघराच्या दाराआड तू तीर्थाच्या वाटीत साखर ढवळत होतीस, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तुझी मूठ मी उघडली तेव्हा तळहाताला साखर चिकटलेली होती. आपल्या घरच्या साखरेच्या डब्याला कुलूप, किल्ली माझ्या जानव्याला. ती साखर शेजारच्या नागम्माकडून आणली होतीस, हे तू तिथल्या तिथं कबूल केलंस. मला विचारायचं ते एवढंच की हे किती सोमवार चाललं होतं, आणि कुणाच्या सांगण्यावरून.

कारण सोमवारी संध्याकाळीच नळीतला रंग बिघडायचा. इतर दिवशी लघवीचे थेंब त्या निळ्या पाण्यात घालून स्पिरिटच्या दिव्यावर उकळले की हिरवा रंग यायचा, फार तर पिवळा. सोमवारी विटकरी. म्हणजे अंगात साखर मावत नाही इतकी. मग मी सुईत दोन युनिटं वाढवून घ्यायचो आणि मंगळवारी सकाळी घामानं भिजून उठायचो. हे सगळं तू बघत होतीस आणि तोंडातून चकार शब्द काढत नव्हतीस. डॉक्टर तुझ्यासमोर म्हणाले होते, या माणसाला साखर म्हणजे विष. विष कशाला म्हणतात हे तुला कळत नव्हतं, असं तू म्हणणार आहेस का?

पुढं एकदा मी एकटाच दवाखान्यात गेलो होतो, तेव्हा तेच डॉक्टर म्हणाले, ‘खिशात खडीसाखर ठेवत जा. घाम फुटला, हात कापायला लागले, तर तोंडात टाका.’ हे मी तुला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तू त्याचाच आधार घेतला असतास. जो साक्षीदार आज विष म्हणतो आणि उद्या तेच खिशात ठेवा म्हणतो, त्याला आमच्या कोर्टात कुणी उभंसुद्धा करत नाही. शिवाय रोगी बरा झाला तर डॉक्टरांचं कसं चालायचं? मी मान डोलावली आणि घरी आलो.

सुईतलं औषध जनावराच्या पोटातल्या ग्रंथीचं असतं, हे डबीतल्या इंग्रजी कागदावर मी वाचलं आणि फक्त तुला सांगितलं. तेवढं तरी तू बाहेर फोडलं नसशील अशी आशा करतो. ते अपवित्र म्हणून मी पारोशा अंगानं टोचून घेतो, मग आंघोळ, मग सोवळं नेसून पूजा, मग जेवण. डॉक्टर म्हणाले जेवणाआधी घ्या. मी जेवणाआधीच घेतो. ज्येष्ठापासून हा मधुमेह बरा व्हावा म्हणून सोमवारी रुद्राची अकरा आवर्तनं धरली आहेत. त्या दिवशी गिरणीच्या पहिल्या भोंग्याला सुई घेतो आणि ताटावर बसायला दहा वाजतात, एवढाच फरक. यात माझी चूक कुणाला काढता येणार नाही.

लेखी कबुली पाठव. मग तुला घरात घ्यायचं की नाही याचा विचार करीन. करकंबहून मावशीला बोलावून घेतलं आहे, त्यामुळे माझं काही अडलेलं नाही.

शरच्चंद्र

ता. क. या पत्राची नक्कल मी माझ्याकडं ठेवली आहे.


सोलापूर
मंगळवार, ता. २७ नोव्हेंबर १९३४

चि. सौ. दुर्गेस,

उत्तर नाही. बरं.

हे पत्र सुई, आंघोळ, पूजा आटोपून जेवणाआधी लिहितो आहे, कारण नंतर कोर्टाची घाई. तुला वाटत असेल तू गेलीस आणि तुझं काम थांबलं. थांबलेलं नाही. तू मागं कुणाला तरी नेमून गेली आहेस, आणि तो माणूस कोण हे मला आता कळायला लागलं आहे.

काल सोमवार. नवव्या आवर्तनाला मला घाम फुटला. जीभ जड झाली. समोर एका पिंडीच्या दोन पिंडी दिसायला लागल्या. पुढचं मला आठवत नाही, मावशीनं सांगितलं ते लिहितो, आणि मावशीच्या सांगण्यावर किती विसंबायचं ते वेगळं. मी म्हणे अभिषेकपात्र ओढून पाडलं, देव्हाऱ्यासमोर डोलायला लागलो आणि मोठमोठ्यानं काहीतरी बोलू लागलो. मावशीला वाटलं माझ्या अंगात आलं. ती पदर पसरून समोर बसली आणि म्हणाली, ‘शरू नव्हे, देवच बोलतोय. देवा, माझ्या गुडघ्याचं काय ते सांग की रे.’ मी काय उत्तर दिलं ते ती सांगत नाही. नुसती तोंडाला पदर लावते.

मग तिनं देवाला म्हणून माझ्या तोंडात गूळखोबरं कोंबलं. थोडं नव्हे, तीन वेळा. घरात गुळाचा खडा मी ठेवलेला नाही. विचारलं तर म्हणते, करकंबहून येताना गाठोड्यात बांधून आणला. गाठोड्यात गूळ बांधून द्यायची बुद्धी तिला कुणी दिली? मावशीची नणंद अक्कलकोटला असते, हे मी विसरलेलो नाही. तुमच्या घरापासून तिचं घर लांब नसेल.

संध्याकाळी रंग विटकरी. तुझ्या वेळी जसा यायचा अगदी तसा. म्हणजे पद्धत तीच, हात फक्त दुसरा. रात्री दोन युनिटं वाढवली, आज सकाळी धोतराचा काठ धरता येईना इतके हात कापत होते. नागम्माही आत असणार. काल ती दोनदा भिंतीवरून डोकावली. दूधवाला धुळाप्पा तर तुझ्या वेळेपासूनचा. दुधात त्यानं काय घातलंय ते जिभेला कळत नाही म्हणून मी दूध मोरीत ओतलं. औषधाची बाटलीही दुकानातून येते तेव्हा तिचं बूच आधीच कुणीतरी

मावशी ताट वाढलंय म्हणून हाका मारते आहे. मी जेवणार नाही, असं तिला सांगितलं. मग जेवलो. आता काय लिहायचं होतं ते आठवत नाही. अक्षर वर वाकडं गेलं आहे, ते टाकाच्या निबामुळं असावं.

तिच्या हातचं यापुढं खायचं नाही असं ठरवलं आहे. स्वतः करून खाईन. तू तिथं खुशाल असशील.

शरच्चंद्र


सोलापूर
मंगळवार, ता. ११ डिसेंबर १९३४

चि. सौ. दुर्गेस,

तुझं कार्ड मिळालं. पाकीट मिळालं नाही का अक्कलकोटात? उघड्या कार्डावर नवऱ्याच्या सुईचा विषय लिहिलास. पोस्टमननं वाचलं, मावशीला अक्षर येत नाही म्हणून तिनं ते नागम्माच्या मुलाकडून वाचून घेतलं, आणि शेवटी ज्याला लिहिलं त्याच्या हातात आलं.

आणि लिहिलंस काय? ‘सोमवारी सुई पूजेनंतर घ्या, नाहीतर पूजेआधी चार घास खा. बाकी मला काही लिहायचं नाही.’ मी मागितली कबुली, तू पाठवलास सल्ला. रुद्र म्हणून झाल्यावर, सोवळ्यात, ते जनावराचं पाणी अंगात घालून नैवेद्याच्या ताटावर बसू? की देव उपाशी असताना मी आधी भाकरी मोडू? हे श्रावणातही तू एकदा बोलली होतीस. तेव्हा मी विचारलं होतं, हे तुला कुणी शिकवलं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

कार्ड मी फाडलं नाही. पुरावा म्हणून ठेवलं आहे.

काल जे झालं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मी लिहिलेलं बरं. स्वतः स्वयंपाक करायचा म्हणून काल उशीर झाला. पूजा आटोपली तेव्हा दहा वाजून गेले होते, चूल पेटेना, तसाच न जेवता कोर्टात गेलो. एका दाव्याच्या निकालाची नक्कल करायला बसलो. शिरस्तेदार म्हणाले, ‘हे काय लिहिलंय?’ मी बघितलं तर वादीचं नाव चार वेळा लिहिलं होतं आणि खाली रुद्राच्या ओळी. मी त्यांना म्हणालो, तुम्ही माझी शाई बदलली. एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. मी म्हणालो, तुम्ही माझ्या बायकोला फितूर आहात. सगळं दप्तर माना वर करून बघत होतं.

सोमलिंग पट्टेवाल्यानं मला काखेत धरून मागच्या ओसरीवर नेलं. त्यानं आपला गुळाचा चहा माझ्या तोंडाला लावला. मी पेला ढकलला, अर्धा चहा अंगावर सांडला. त्यानं सरळ माझी हनुवटी धरली. ‘तोंड उगडा भाऊसाब. उगडा की. मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या.’ मी प्यालो. दुसऱ्याच्या पेल्यातून, जोडे घालून, न जेवता.

दहा मिनिटांत मी माणसात आलो. खरंच लिहितो, दहा मिनिटांत. समोरचं लिंबाचं झाड एक झालं. शिरस्तेदारांना काय बोललो ते आठवून तोंड लपवावंसं वाटलं.

मी सोमलिंगाची तिथंच उलटतपासणी घेतली. त्याचं तुझ्याशी नातं नाही, गोत नाही, त्याला खोटं बोलून काही मिळायचं नाही. मी विचारलं, चहात काय घातलं होतंस?

‘गूळ. दुसरं काय घालणार? माझा बा शेतात आसाच पडायचा उपाशी ऱ्हायला की. गूळ खाल्ला की उटायचा. पन तुमचं येगळं हाय. तुमी सोमवारीच पडताय.’

‘सोमवारीच हे तुला काय माहीत?’

‘मी काय आंधळा हाय? दर सोमवारी येताना तुमचं डोळं लाल आन् पाय लटपटत्यात. पर वैनीसाब हुत्या तवा आसं न्हवतं. त्या गेल्या आन् हे लई वाढलं.’

मी म्हणालो, तुला त्यांच्याबद्दल कुणी विचारलं नाही. तर तो म्हणतो, ‘भाऊसाब, तुमी माणसावर इस्वासच ठेवत न्हाई. वैनीच्या बाची तार आली, तर मला धाडलं तार आपिसात, खरी हाय का बघून ये म्हून. तार कुणी खोटी करतंय व्हय?’

ते प्रकरण इथं आणायचं त्याला काही कारण नव्हतं. आषाढात तुझे वडील अत्यवस्थ असल्याची तार शनिवारी आली आणि मी ती सोमवारपर्यंत तपासत होतो, हे खरं आहे. माहेरी जायला लोक तारा करवतात, अशी दोन प्रकरणं माझ्या हाताखालून गेली आहेत. पण शेवटी सोमवारी दुपारी मीच तुला स्टेशनवर नेऊन बसवलं, हेही लक्षात ठेव. जा म्हणालो. चांगल्या शब्दांत म्हणालो. वडिलांची आणि तुझी गाठ पडली ती त्यामुळं.

सोमलिंगाची जबानी मला पटलेली नाही. पण खोडूनही काढता येत नाही.

शरच्चंद्र


सोलापूर
बुधवार, ता. १९ डिसेंबर १९३४

सौ. दुर्गेस आशीर्वाद. या वेळी मनापासून.

कसं लिहावं कळत नाही. मला दुसऱ्यांचं लिहिलेलं उतरून काढायची सवय.

परवाच्या सोमवारी मी तुझ्या कार्डाप्रमाणं केलं. कार्ड खोटं पाडायचं म्हणून केलं, तुझं ऐकायचं म्हणून नव्हे, हे आधी सांगतो. पहाटे सुई घेतली नाही. आंघोळ केली, अकरा आवर्तनं म्हटली, एकदाही अडखळलो नाही. मग मावशीला नैवेद्याचं पान वाढायला लावून मी मागच्या पडवीत गेलो आणि सोवळ्यातच सुई घेतली. हात थरथरत होता, पण तो भीतीनं. वीज पडेल असं काही वाटत होतं. पडली नाही. आत जाऊन जेवलो. मावशीच्याच हातचं जेवलो. कोर्टात दिवसभर माझ्या हातून एक चूक झाली नाही. संध्याकाळी रंग हिरवा.

काल डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी विचारलं, सुई किती वाजता घेता. मी म्हणालो, जेवणाआधी. ‘जेवणाआधी किती?’ तिथं मी अडकलो. आंघोळीचं, सोवळ्याचं, सगळं सांगावं लागलं. सोमवारी साडेतीन तास, असं मी म्हणालो तेव्हा त्यांनी हातातली नळी खाली ठेवली. म्हणाले, ‘अर्धा तास सांगितला होता मी. सुई साखर खाऊन टाकते, वर अन्न गेलं नाही तर ती माणसाला खाते. डोकं फिरतं, माणूस वाट्टेल ते बोलतो, नाही नाही ते संशय घेतो, आणि मग पडतो. ज्येष्ठापासून तुम्ही जिवंत राहिलात कसे? घरात कुणी साखर देत होतं का?’

मी हो म्हटलं. कोण ते सांगितलं नाही. सांगताना रडू आलं असतं आणि दवाखान्यात बाहेर माणसं होती.

घरी येऊन, तुला लिहितानाच ओळीमागून ओळ उतरवून ठेवलेल्या पत्रांच्या नकला काढून बघितल्या. अक्षर हीच माझी भाकरी, त्यामुळं मला अक्षर वाचता येतं. सत्तावीस तारखेचं पत्र जेवणाआधी जसं आहे तसं कुणा शहाण्या माणसाचं नाही. ओळी उतरल्या आहेत, काने तुटले आहेत, आणि धुळाप्पापासून बाटलीच्या बुचापर्यंत सगळं जग मला मारायला टपलं आहे. जेवणानंतरच्या ओळी सरळ आहेत. मी निबाला दोष दिला होता. तुला घालवलं तेही सोमवारी, न जेवता, दहाव्या आवर्तनातून उठून.

तेव्हा आळ मागं घेतो. तू मला मारत नव्हतीस, जगवत होतीस. नागम्माकडून उसनी साखर आणून, माझ्यापासून चोरून, शिव्या खाऊन. याची भरपाई कशी करायची ते मला ठाऊक नाही. परत ये. मुकुंदाला त्रास नको, मी न्यायला येतो.

फक्त एक शंका राहते. तुला वाटेल याचं अजून संपलं नाही. नाहीच संपलं, स्वभाव आहे. खडीसाखरेचं मी तुला कधीच सांगितलं नव्हतं. तुझ्यापुढं डॉक्टर एवढंच म्हणाले होते की साखर विष आहे. मग साखरेनं मी सावरेन हे तुला पहिल्या सोमवारी कळलं कसं? एवढं कळव. माझी झोप त्यावर अडली आहे.

शरच्चंद्र


अक्कलकोट
मंगळवार, ता. १ जानेवारी १९३५

साष्टांग नमस्कार.

मायन्यात आणखी काय लिहायचं ते सुचलं नाही. पत्र मी स्वतः लिहिते आहे, मुकुंदाला दाखवलेलं नाही. चार इयत्तांचं अक्षर आहे, समजून घ्या.

तुमचं पत्र आलं तेव्हा वैनी म्हणाली, ‘झालं की गं सगळं नीट. बांध गाठोडं.’ मी गाठोडं बांधलं. मग शेवटचा मजकूर पुन्हा वाचला आणि सोडलं. दहा दिवस झाले, बांधते आणि सोडते. तुम्ही विचारलं नसतं तर मी कधी सांगितलं नसतं. पण विचारलंत, आणि खोटं लिहून तुमच्या घरात आले तर रोज ताट वाढताना ते माझ्याबरोबर येईल.

पहिल्या सोमवारी मला काही कळलेलं नव्हतं.

आषाढातला तो सोमवार. शनिवारी तार आली होती. मी शनिवारपासून लुगडं बांधून बसले होते. तुम्ही तार उजेडात धरून बघितलीत. सोमलिंगला पाठवलंत. अक्कलकोटच्या कुणा कारकुनाला पत्र टाकलंत आणि उत्तर आल्याशिवाय जायचं नाही म्हणालात. वडिलांना आम्ही अप्पा म्हणतो. अप्पा माझी वाट बघत असणार हे मला दिसत होतं, आणि तुम्ही आत रुद्र म्हणत होतात. मी दाराशी येऊन एकदा म्हणाले, सकाळची गाडी गेली. तुम्ही हातानं गप्प बस म्हणून खूण केलीत.

मग मी नागम्माकडं गेले आणि मूठभर साखर मागून आणली. डॉक्टर विष म्हणाले होते. मी तेच ऐकलं होतं. तुम्ही उठला नाहीत तर मला दुपारची गाडी मिळेल, एवढंच मनात होतं. दुसरं काही नव्हतं. मेलात तर काय, याचाही विचार नव्हता. फक्त गाडी. सगळी मूठ तीर्थाच्या वाटीत घातली आणि तुमच्यापुढं धरली. एरवी तुम्ही तीर्थ नुसतं डोळ्यांना लावता. त्या दिवशी तुमची नजर कुठंच नव्हती. वाटी तोंडाला लावली तशी प्यालात.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. काय होतं ते बघायला.

थोड्या वेळानं तुम्ही मान वर केलीत. घाम पुसलात. माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, ‘तू अजून इथंच? अगं, तुझे वडील आजारी आहेत. जेवतो आणि तुला स्टेशनवर पोचवतो.’ इतकं सरळ तुम्ही लग्न झाल्यापासून माझ्याशी कधी बोलला नव्हतात. मी चुलीपाशी जाऊन रडले. तुम्हाला वाटलं अप्पांसाठी.

अप्पा संध्याकाळी गेले. मला अर्धा तास मिळाला. त्यांनी मला ओळखलं.

गाडीत मी विचार करत होते, विष देऊन माणूस असा गोड कसा झाला. परत आल्यावर पुढच्या सोमवारी मी दाराआडून बघत राहिले. तुमचा आवाज कुठं फाटतो, कुठल्या आवर्तनाला ओळ चुकते. मग वाटीत थोडी साखर. सावरलात. त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा. सुई आणि जेवण यात फार वेळ जातो हे श्रावणात कळलं तेव्हा तुम्हाला सांगितलं. तुम्ही विचारलंत कुणी शिकवलं. काय सांगू? मीच शिकले होते, तुम्हाला मारायला जाऊन.

तुम्ही माझ्या हाताला धरलंत त्या दिवशी मी गप्प बसले ते याच कारणानं. त्या दिवशीची साखर औषधाचीच होती. पण पहिल्या दिवशीची नव्हती. तुमचा संशय अगदीच खोटा आहे असं मला म्हणता येईना.

आता हे कोर्टात नेण्यासारखं आहे की काय ते तुम्हाला माहीत. मला भीती वाटत नाही, वाईट वाटतं. सोमवारी सुई पूजेनंतर घेत जा, हे मात्र विसरू नका.

दुर्गा


सोलापूर
शुक्रवार, ता. ४ जानेवारी १९३५

सौ. दुर्गेस,

तुझं पत्र काल सकाळी आलं. सुई घेतली होती आणि पान वाढायचं होतं, तेवढ्यात उघडून वाचलं. वाचता वाचता उठून उभा राहिलो. मावशीला म्हणालो, तिचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही. पत्र सोवळ्याच्या गाठीला बांधलं, वकिलाकडं न्यायचं म्हणून. मला दोन महिने सगळे खोटं ठरवत होते आणि मी खरा होतो, याचा आनंदसुद्धा झाला. हे लिहायला लाज वाटते, पण तू लपवलं नाहीस, मीही लपवत नाही.

मग जेवलो.

जेवणानंतर पुन्हा वाचलं. तेच पत्र, त्याच ओळी. या वेळी मला फक्त तू दिसलीस, बांधलेलं लुगडं मांडीवर घेऊन तीन दिवस बसलेली, आणि आत मी. तार उजेडात धरलेला मी. त्या दिवशी मी न जेवलेला होतो असं म्हणून सुटायचा विचार मनात आला. पण तार आली ती शनिवारी संध्याकाळी, आणि शनिवारी मी पोटभर जेवलो होतो. रविवारीही. म्हणजे ते सुईचं नव्हतं. ते माझं होतं. डॉक्टरांकडं त्याच्यावर काही नाही.

आज दिवसातून चार वेळा वाचलं, दोनदा भुकेला असताना आणि दोनदा पोटात अन्न असताना. भुकेला असताना मी म्हणतो, हिनं मला मारायला घेतलं होतं. जेवल्यावर मी म्हणतो, मी असा होतो की हिला ते सुचलं. दोन्ही माणसं मीच आहे आणि दोघांचंही म्हणणं खरं आहे. तुला त्या पहिल्याची भीती वाटली तर मी समजू शकतो. मलाही वाटते. पुढंही मी कधी तरी ताट यायच्या आधी काहीतरी घाण बोलेन. तेव्हा उत्तर देऊ नकोस, आधी वाढ.

मी वकिलाकडं जाणार नाही. अप्पांच्या वर्षश्राद्धाला आपण दोघं तिथं जाऊ, आणि त्या वेळी मी कुणाच्या उत्तराची वाट बघणार नाही. यायचं की नाही हे तू मला बघितल्यावर ठरव. नाही म्हणालीस तर मुकुंदाकडं चहा घेऊन परत फिरेन.

सोमवारी रजा टाकली आहे. सकाळच्या गाडीनं येतो, रुद्र नंतर होईल. जेवून निघतो.

शरच्चंद्र